चौथा दगड

आधीच सांगतो, भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केलेली आहे. बावीस वर्षं ट्रक चालवला, लोक ज्यांची नावं घ्यायला घाबरतात अशा वळणांवरून एकटा गेलो... कधी काही दिसलं नाही. आता जालन्यात एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मोठ्या गाड्या शिकवतो. पहिल्या दिवशी फळ्यावर अपघाताची कारणं लिहून देतो – डुलकी, ब्रेक, घासलेले टायर, ओव्हरलोड, दारू, मोबाईल. शिकणारे वहीत उतरवून घेतात. एक कारण मात्र मी तोंडीच सांगतो. ते का, हे आज पहिल्यांदा लिहून राह्यलो.

तीन वर्षांमागची गोष्ट. श्रावणातली उघडीप होती. सळई भरून मी एकटाच जालन्याहून बुलढाण्याकडे निघाल्तो. भोकरदन मागे पडलं आणि धावड्याच्या अलीकडे, चढावर, मागचं उजवं टायर फुटलं. भर दुपार, बाजूला मिरचीची शेतं. गाडी मागे सरकू नये म्हणून डाव्या चाकामागे एक मोठा दगड लावला. मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून रस्त्यावर आणखी तीन दगड मांडले, वर बाभळीची फांदी ठेवली. आमच्या लाइनीत सगळे हेच करतात. आणि काम झालं की दगड तिथंच टाकून निघून जातात, तेही सगळेच. आज लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

चाकामागचा दगड माझ्या चांगला लक्षात राहिला. बांधावरचा होता, एका बाजूला चुना फासलेला. माझे हात ग्रीसने काळे झालेले, उचलताना चुन्यावर अख्खा पंजा उमटला. माझं मधलं बोट अर्धंच आहे, जॅकखाली गेलेलं. पंजाही तसाच उमटला, मधलं बोट आखूड.

शेतात मिरची तोडणाऱ्या एक मावशी बांधापाशी आल्या. म्हणाल्या, "दादा, जाताना दगडं उचलून जाय बरं. माझा पोरगा बी ट्रकवरच हाय, मिरची घेऊन याच रस्त्यानं येतो-जातो."

"उचलतो ना मावशी, बिलकुल!" मी म्हणालो.

टायर बदललं तोवर आभाळ भरून आलं. म्हटलं, चढ ओला व्हायच्या आत निघावं... आणि निघालो. दगड डोक्यातही राहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच रिकामी गाडी घेऊन परत निघालो, सकाळी भोकरदनजवळ चहाला थांबलो. सपाट जागा. चहा पिऊन आलो तर डाव्या चाकामागे दगड लावलेला. चुना फासलेला... त्यावर काळा पंजा, मधलं बोट आखूड.

"कोण हाय रे तो हरामखोर?" मी ओरडलो. वाटलं, कोणी ओळखीचा ड्रायव्हर मस्करी करतोय. दगड नालीत ढकलला आणि चहावाल्याकडे पैसे द्यायला गेलो. तिथं पेपर पडलेला. धावड्याजवळ मिरचीचा ट्रक उलटला, चालक जागीच ठार. काल संध्याकाळी पाचच्या सुमारास. कारण – चालकाला डुलकी लागली असावी.

मावशींचं बोलणं आठवलं, 'माझा पोरगा बी ट्रकवरच हाय' – खोटं कशाला बोलू? पण मनाला म्हटलं, कारण झोप लिहिलंय ना? मंग आपण कशाला तोंड उघडायचं. गप्प बसलो.

पंधरा दिवसांनी जांब समर्थला सिमेंट उतरवायला गेल्तो. सकाळी दहाची वेळ, दर्शनाला आलेली माणसं येत-जात होती. गाडीकडे वळलो तर तोच दगड, त्याच चाकामागे. तिथल्या एका पडक्या विहिरीत टाकला, बुडताना डोळ्यांनी पाहिला. चौथ्या दिवशी माझ्या घरासमोर गाडी उभी होती आणि बायको दारातून विचारत होती, "अहो, हा ओला दगड कुठून आणला?"

तिने पंजा पाहिला. मग माझ्या हाताकडे पाहिलं. मला सगळं सांगावं लागलं. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "त्या माउलीकडं जा. आत्ताच्या आत्ता."

दगड पोत्यात घालून मी धावड्याला गेलो. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. मी हात जोडून सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालतील, चप्पल काढतील.

"मंग पोरगा झोपला नव्हता ना?" त्यांनी विचारलं.

"न्हाई मावशी."

"समदे म्हणले झोपला. पोलीस म्हणले, गाडीचा मालक म्हणला. मी एकटीच सांगत व्हते, माझं लेकरू गाडीवर झोपत न्हाई म्हणून. कुणी ऐकंना. आता तू हे लिहून दे."

मी हो म्हणालो. मग त्यांनी पोतं उघडलं, दगडावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "तू गेल्यावर तीन दगडं मीच कडंला टाकले रे. हा चौथा उचलंना. म्हटलं, पोरगा येईल तवा उचलील."

मी तिथंच ओट्याखाली बसून रडलो. बावीस वर्षांत एवढा कधी रडलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन जबाब दिला. साहेबांनी कागद पुन्हा पुन्हा पाहिले. म्हणाले, "अपघाताच्या जागी दगड सापडलाच नव्हता. आम्ही रस्ता नीट पाहिला होता." तरी जबाब घेतला, पुढचं जे व्हायचं ते होईल. मावशींना त्याची नक्कल नेऊन दिली. त्या वाचू शकत नाहीत, पण कागद त्यांनी मुलाच्या फोटोमागे ठेवला आहे. मी ट्रक सोडला.

त्यानंतर दगड जागचा हलला नाही. तो आता वर्गात माझ्या टेबलाशेजारी असतो. फळ्यावर न लिहिलेलं कारण हेच, मागे टाकलेला दगड; वहीत उतरवलेलं पोरं विसरतात. प्रत्येक बॅचमधल्या प्रत्येकाला मी तो उचलायला लावतो – उचला, कडेला ठेवा, मगच गाडीत बसा. तो माझ्या मागे कसा आला, विहिरीतून वर कसा आला... खूप डोकं खाजवलं, खरंच काही कळत नाही. तुम्हाला कळलं तर सांगा.

शिकणारे विचारतात, "सर, हा दगड कुठला?"

मी सांगतो, धावड्याच्या रस्त्यावरून उचलला. पण ते खोटं आहे. त्या दिवशी रस्त्यावरून मी तो उचललाच नव्हता.