बुर्जी

आमचे वडील लष्करातून निवृत्त होऊन पलूसजवळच्या गावी ऊस लावत. बुद्धिबळ ते जुन्या देशी पद्धतीनं खेळत. त्या पद्धतीत समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा एकटा पाडला, तर त्याला बुर्जी म्हणतात. बुर्जी म्हणजे अर्धीच जीत. वडिलांच्या लेखी ती जिंकणाऱ्याचीच नामुष्की. शेवटचं मोहरं जिवंत ठेवून प्याद्यानं मात द्यायची, हा त्यांचा दंडक. थोरल्या भावाला त्यांनी अक्षरओळखीच्या आधी तो शिकवला.

पुढं सांगलीच्या कॉलेजात भाऊ आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळू लागला. त्यांत बुर्जी नाही. नियम त्याला पाठ होते. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर सांगलीत निवड स्पर्धा झाली. शेवटचा डाव जिंकला की तो राज्य स्पर्धेला जाणार होता. त्या दिवसांत त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. जेवतानाही तो चाली पुटपुटायचा.

समोर वकिलीचा विद्यार्थी होता. दुपारपर्यंत त्याच्याकडं राजा आणि एक घोडा उरला. भावाकडं वजीर आणि एक प्यादं होतं. घोडा वजिराच्या माऱ्यात, बिनजोर, पाठीशी कुणी नसताना उभा होता. भावाचा हात वजिराकडं गेला, थांबला, आणि त्यानं प्यादं पुढं सरकवलं.

"घोडा खा की गड्या! पूजा घालतोस व्हय त्याची?" मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेला एकजण पुटपुटला. पंचांनी त्याला दटावलं.

घोड्यानं पुढच्याच चालीत राजाला शह दिला आणि वजीरही माऱ्यात घेतला. वजीर गेला. थोड्या वेळानं प्यादंही गेलं. डाव बरोबरीत सुटला.

"घोडा का नाही घेतलात?" विद्यार्थ्यानं खरोखरच्या कुतूहलानं विचारलं.

"राजा एकटा पडला असता."

"मग?"

भाऊ मोहरी डब्यात भरू लागला. हिशेबात तो चुकला नव्हता. घोडा त्याला दिसला होता, हे त्यानं मला एसटीत सांगितलं. हात मात्र तिकडं गेला नाही.

वडील अंगणात वाट बघत होते.

"बुर्जी केली न्हाईस न्हवं?"

"न्हाई, आबा."

"मंग झालं! लय झ्याक. नंबर काय, ईल आन् जाईल."

त्यांनी शेजाऱ्यांना हाका मारून ते सांगितलं. राज्य स्पर्धेचं कुणी विचारलं नाही. मग खुशीत त्यांनी पट मांडला. भाऊ समोर बसला. त्या संध्याकाळी त्यानं त्यांचे हत्ती मारले, उंट-घोडे मारले, वजीर मारला, मग एकेक प्यादं. तो शेवटचं प्यादं उचलू लागला, तेव्हा वडिलांनी त्याचं मनगट धरलं.

"आरं, बुर्जी होतीया."

"व्हय," भाऊ म्हणाला आणि त्यानं प्यादं पटाबाहेर ठेवलं.

आपलं काय चुकलं, हे वडिलांनी कधी विचारलं नाही. भावानं कधी सांगितलं नाही. ते दोघं पुन्हा समोरासमोर खेळायला बसले नाहीत.