चौथ्या दिवशी पिवळं, आठव्या दिवशी निळं

मोतीराम मामाजी गेल्याची बातमी मला दोनदा कळली, दहा मिनिटांच्या अंतरानं. पहिला फोन बाबांचा. "मोतीराम गेला वं पोरी. पहाटे, झोपीतच." मग म्हणाले, "तुझ्या काकाले मी नाही सांगत. तू सांगून दे." मी हो म्हटलं, तोंडावर पाणी मारून आले, तर काकांचाच फोन वाजत होता. "मामाजी गेले बेटा. तुझ्या बाबाले समजलं का नाही, तं विचारून घे. मी नाही जात त्याच्या दारात." बाबा आणि काका सख्खे भाऊ. घरं एकमेकांना लागून, मधली भिंत एकच. इकडे कोणी खोकलं तर तिकडे ऐकू जातं. आणि ही बातमी मात्र त्या भिंतीतून न जाता पुण्यापर्यंत आली आणि परत गेली. मला आधी हसू आलं, आणि मग बराच वेळ रडू आवरलं नाही.

रडता रडता एक भीतीही वाटली, ती कबूल करते. मामाजी होते म्हणून बाबा आणि काका अठरा वर्षं एकमेकांच्या अंगावर गेले नव्हते. आता ते नाहीत, तर पुढे काय?

आमचं गाव एकोडीपासून थोडं पुढे. साकोलीकडच्या बहुतेक गावांसारखंच, म्हणजे तलाव आधी आणि गाव नंतर. मोतीराम मामाजी त्या तलावाचे पाणकर. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी कधी सोडायचं, किती वेळ सोडायचं, हे पाणकर ठरवतो. तलावाची पार, म्हणजे मातीचा मोठा बांध, आणि त्याच्या पोटातून पाणी बाहेर काढणारं दगडी तुडूम, ही मामाजींची कचेरी. तुडमाच्या भोकांत लाकडी खुट्या ठोकलेल्या असत. खुटी उपसली की पाणी चालू, ठोकली की बंद. ते माझे सख्खे मामा नव्हते. आईला बहीण मानायचे, म्हणून आम्हा पोरांचे मामाजी. चौथीपर्यंत शिकलेले, खर्रा खाऊन दात रंगलेले, आणि कुठल्याही प्रश्नाला पहिलं उत्तर "पाहू." लग्नाला येता का, पाहू. जेवता का, पाहू. जेवायला मात्र हमखास थांबायचे.

पारेवर त्यांनी एक उंच बांबू रोवला होता. उन्हाळी धानाच्या हंगामात रोज सकाळी त्या बांबूला एक फडकं चढे. ज्याची पाळी त्याच्या रंगाचं. आमचं पिवळं, काकांचं निळं, सदाशिवकाकांचं हिरवं, असं प्रत्येकाचं ठरलेलं. अंगणात उभं राहून दात घासता घासता कळायचं, आज पाणी कोणाचं. विचारायला तुडमावर जायची गरजच नाही. लहानपणी मला वाटायचं, मामाजींना रंगांची हौस आहे. तेवढ्यासाठी तो बांबू नव्हता, हे कळायला मला पीएच.डी. करावी लागली.

मी आठ वर्षांची असताना आजोबांच्या शेतीचे हिस्से झाले. आजोबांची पाळी पाच दिवसांतून एक, पूर्ण दिवस. तिचेही दोन हिस्से झाले, दुपारपर्यंत बाबांचं पाणी आणि दुपारनंतर काकांचं. अगदी सारखं. गावात सगळ्यांनी मान डोलावली, कोणावर अन्याय नाही. पण सारख्या वाटणीत एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. दर पाचव्या दिवशी, बरोबर दुपारी, दोघं भाऊ तुडमावर समोरासमोर उभे. एकाला वाटायचं अजून घटकाभर आपलं पाणी आहे, दुसऱ्याला वाटायचं आपलं केव्हाच सुरू व्हायला हवं होतं. आधी शब्दाला शब्द लागला, मग आईबाप निघाले, आणि एका दुपारी बाबांनी फावडं उचललं. मी बाबांची शिदोरी घेऊन पारेवर पोचले होते. काकांनी हात आडवा केला म्हणून डोकं वाचलं. उजव्या हाताची दोन बोटं मात्र गेली ती गेलीच, म्हणजे आहेत, पण मुडपलेली. मामाजी वयाला न शोभेल असे धावत आले आणि बाबांच्या हातून फावडं काढून घेतलं. ओरडले नाहीत. मला म्हणाले, "शिदोरी घरी ने पोरी. आज कोणी नाही जेवत."

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. आणि चमत्कार असा, की भांडणही बंद झालं. हंगामामागून हंगाम गेले, धान पिकलं, पोरं मोठी झाली, दोघं भाऊ एकाच तलावाचं पाणी पीत राहिले आणि पुन्हा कधी तुडमावर आमनेसामने आले नाहीत. मी समजत होते की त्यांना अक्कल आली. मोठ्या माणसांबद्दल आपण किती चांगलं समजून असतो!

पुढे मी शिकायला बाहेर पडले आणि फिरत फिरत नवजात ग्रहमालांवर येऊन थांबले. एका सुट्टीत मामाजींनी पारेवर विचारलं, "तू तिकडं पुण्यात करतेस तरी काय?" आमच्या घरात हे कोणी विचारलं नव्हतं. मी लाखोळीचे दाणे मागितले आणि मातीवर मांडून दाखवू लागले. तारा जन्मतो तेव्हा त्याच्याभोवती वायूची आणि धुळीची मोठी तबकडी फिरत असते. त्या धुळीतून ग्रह घडतात. पण घडतात तिथेच ते राहत नाहीत, भोवतीचा वायू त्यांना हळूहळू आत सरकवतो. सरकता सरकता दोन ग्रह अशा जागी येतात, की आतल्याच्या दोन फेऱ्या होतात तेवढ्यात बाहेरच्याची बरोबर एक. किंवा आतल्याच्या तीन, बाहेरच्याच्या दोन. मग ते त्या तालात अडकतात आणि तो ताल सोडत नाहीत. आम्ही याला अनुनाद म्हणतो. नेपच्यून आणि प्लूटो यांच्या वाटा एकमेकींना ओलांडतात, तरी त्यांची टक्कर होत नाही, कारण एक ओलांडायच्या जागेपाशी असतो तेव्हा दुसरा नेहमी लांब असतो. तालच तसा बसलाय.

मामाजी दाण्यांकडे बघत खर्रा चघळत राहिले. मग म्हणाले, "हे तं शंकर-गणपतचं हाय." शंकर म्हणजे बाबा, गणपत म्हणजे काका.

मी म्हटलं, "काय?"

"तुझ्या बाबाची जमीन सिहार, पाणी धरत नाही. गणपतची कन्हार, काळी, पाणी धरून ठेवते. मंग दोघायले सारखी पाळी कायले पाह्यजे? शंकरले चौथ्या दिवशी अर्धा दिवस, गणपतले आठव्या दिवशी पुरा दिवस. पाणी दोघायले सारखंच. पण दोघायच्या मंधात सदा दोन दिवस."

मी बोटं मोजली. बाबा पहिल्या दिवशी, पाचव्या, नवव्या. काका तिसऱ्या, अकराव्या. खरंच, कधीच गाठ पडत नाही. दोनास एक. माझ्या मातीवरच्या दाण्यांसारखंच. मी विचारलं, "त्यांनी ऐकलं कसं?"

"सांगतलं कोणाले? सांगतलं असतं तं दोघंई म्हणाले असते, मले काहून बदलवतेस, त्याले बदलव. मी पुरा हंगाम सरकवत राहिलो. आज शंकरले म्हणावं, जरा लवकर घे, खालच्यायले दुपारी पाणी पाह्यजे. उद्या गणपतले म्हणावं, जरा उशिरा घे, तुझ्या बांधीत अजून ओल हाय. असं करत करत एका जागी आलं, अन् कुरकुर बंद झाली. मंग मी ढकलाचं थांबवलं. आता आपोआप चालते." आणि तो बांबू? "तुडमावर विचाराले येऊ नये म्हणून. आले का भेटले." भांडण मिटवायचा त्यांनी प्रयत्नच केला नव्हता. फक्त दोघांना टक्कर होणार नाही अशा वाटेवर नेऊन सोडलं होतं, आणि चौदा-पंधरा वर्षं एका शब्दानं बोलले नव्हते.

त्या दिवसापासून ते मला 'चांदण्यायची पाणकरीण' म्हणू लागले. मीही त्यांना संशोधनातल्या अडचणी सांगू लागले. फोनवर, तासतासभर. माझ्या मार्गदर्शकांना मी हे कधी सांगितलं नाही.

माझी खरी अडचण शेवटाकडे होती. वायू कायम राहत नाही. काही दशलक्ष वर्षांत तो उडून जातो, आणि सरकवणारं, सावरणारं कोणी उरत नाही. कोवळ्या ग्रहमालांत ताल पुष्कळदा दिसतो, म्हाताऱ्यांत कमी. म्हणजे वायू गेल्यावर बऱ्याच जणांचा ताल मोडतो. काहींचा मात्र अब्जावधी वर्षं टिकतो. का? माझ्या संगणकातल्या ग्रहमाला तर वायू काढला की धडाधड मोडायच्या. हे ऐकून मामाजींनी विचारलं, "तू वायू काढतेस कसा?" मी म्हटलं, काढते म्हणजे, शून्य करते. "एकदम?" एकदम. फोनवर खर्रा थुंकल्याचा आवाज आला. "खुटी एकदम नाही ठोकत पोरी. एकदम ठोकली का पाणी मांघं मारते, पाट फुटते. हळूहळू बसवाची." मी वायू हळूहळू कमी करून पाहिला. सगळ्या नाही, पण कितीतरी जास्त माला टिकल्या. त्यासाठी विरळ होणाऱ्या तबकडीचं गणित मला नव्यानं मांडावं लागलं, आणि माझ्या प्रबंधातलं सगळ्यात बरं प्रकरण तेच झालं.

आमची शेवटची भेट या संक्रांतीची. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकून झाले होते, रोवणी तोंडावर होती. मामाजी पारेवर उन्हात बसले होते, पाय सुजलेले, पंचा डोक्यावर. बांबूला फडकं होतं, पण त्यांनी ते चढवलेलं मी पाहिलं नाही. मला वाटलं, मी यायच्या आधीच चढवलं असेल. ते म्हणाले, "मी गेल्यावर ह्यायचं राहीन का मोडन?" मला थाप मारता आली असती. पण त्यांनी माझ्याशी गणित केलं होतं, म्हणून खरं तेच सांगितलं. "काही मोडतात मामाजी, काही टिकतात. आधी सांगता येत नाही." त्यांनी नेहमीसारखं म्हटलं, "पाहू..." आणि स्वतःशीच म्हणावं तसं, "खुटी बसवणं सुरू केलं हाय मी."

मला वाटलं, तुडमाबद्दलच बोलताहेत.

तेरवीला मी गावी गेले तेव्हा वाटेभर बोटांवर पाळ्या मोजत होते. पाणकर म्हणून अजून कोणी नेमलेलं नव्हतं. तेरा दिवस तुडमावर माणूस नाही, धान पोटरीला, म्हणजे लोंब्या धरायला आलेलं, आणि दोन भावांच्या हातात फावडी. घरी पोचले तर बाबा आंघोळ करून, टोपी घालून तयार. कुठे निघालात? "पाण्यावर. आज आपली पाळी." मी म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं आज आपली म्हणून? बाबांनी हनुवटीनं पारेकडे दाखवलं. बांबूवर पिवळं फडकं होतं. आमचं जुनं फडकं उन्हानं पांढरट झालेलं, कडा झिजलेलं. हे कोरं होतं, हळदीसारखं पिवळं.

"कोण लावतंय?" मी विचारलं.

बाबा चपला शोधत राहिले. मग म्हणाले, "कोण म्हणजे? गणपत. मांघच्या हंगामापासून तोच लावते. मोतीरामचे गुडघे दुखत होते म्हणे, त्यानं त्याले लावलं कामाले. आधी आठवड्यातून एक दिवस, मंग दोन, मंग रोज."

मी ओसरीवर बसूनच राहिले. गुडघे दुखत असतील, नाही म्हणत नाही. पण मामाजींनी साऱ्या गावातून नेमका माणूस कोणता निवडला! ज्याची बोटं बाबांच्या फावड्यानं मुडपली, त्याच्या हातून दर चौथ्या दिवशी बाबांचं फडकं चढवून घेतलं. आणि स्वतः एकेक दिवस कमी होत गेले, खुटी हळूहळू बसवावी तसे. ते गेले त्या सकाळीही बांबू रिकामा नव्हता, हे मला नंतर आईनं सांगितलं.

बाबांच्या मागे मीही पारेपर्यंत गेले. तुडमावर कोणी नव्हतं, काकांची पाळी परवाची. बाबांनी आपली खुटी उपसली, पाणी पाटात उतरलं, आमच्या बांध्यांकडे निघालं. मग ते बांबूपाशी थांबले. वाऱ्यानं फडकं एका टोकाला सुटू लागलं होतं, म्हणून दोरीनं खाली घेतलं. गाठ मोठी, ढिली, लहान पोरानं बांधावी तशी. बाबांनी ती दोन बोटांत धरली.

"त्याची गाठ ढिलीच राहते," ते म्हणाले. "बोटं वळत नाहीत त्याची..."

अठरा वर्षांत त्या बोटांबद्दल बाबांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी गाठ सोडली नाही. काकांनी बांधली होती तशीच ठेवली, वरून आपली एक पक्की मारली आणि फडकं पुन्हा चढवलं. मग बांबूच्या बुडाशी खोचलेलं निळं फडकं काढलं, झटकलं, नीट घडी घातली आणि परवासाठी तिथेच, काकांच्या हाताला लागेल असं, ठेवून दिलं.