मुका रेडिओ आणि माझ्याकडे राहिलेली पक्कड

आज शंभरीतल्या गोपाळकाकांच्या अंत्ययात्रेला मला टमटमने जावं लागलं. याला सर्वस्वी मयत जबाबदार.

माझ्या गाडीचा टेप त्यांनीच थेट बॅटरीवर जोडला होता. किल्ली काढली तरी वाजतो. काल बंद करायचा राहिला, सकाळी बॅटरी ठार.

जोडताना मी म्हटलं होतं, "किल्लीवर घ्या ना काका, सगळे तसंच घेतात."
"आपलं बोलणं दुसऱ्याच्या किल्लीवर ठेवू नाय रं."

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ. विशीतले काका खालापूरकडे मिलिटरीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. एका ट्रकमध्ये वायरलेस बसवायचा होता, बोलायचा आणि ऐकायचा.

वरचा साहेब आपलाच माणूस. गोऱ्यापुढे दिवसभर वाकायचा आणि आमच्या माणसांपुढे येऊन पाठ ताठ करून घ्यायचा.

त्याला शंका, की पोरं गाणी ऐकून बॅटरी उतरवतात. म्हणून हुकूम: सेट इग्निशनवर घे. किल्ली फिरली तरच चालला पाहिजे.

काका म्हणाले, "साहेब, किल्ली कुनी नेली तर सेट मुका व्हईल. थेट बॅटरीवर घेतो, मधी फ्यूज टाकतो."
"किल्ली माझ्या खिशात असते. तुला अक्कल कोणी विचारली?"

काकांनी सांगितलं तसं जोडलं.

त्या पावसाळ्यात ट्रक पाताळगंगेच्या काठी उभा. साहेब ड्रायव्हरला घेऊन गावात कोंबडी खायला गेले.
किल्ली खिशात.

ट्रकमध्ये वायरलेसवाला एकटा. चारही बाजूंनी पाणी चढत गेलं, तो बटणं दाबत राहिला. सेट हूं की चूं करेना.

वाडीवरच्या आदिवासी ठाकरांनी दोर टाकून त्याला ओढून काढलं. जीव वाचला, पाय कायमचा गेला.

चौकशीत साहेब म्हणाले, "मेकॅनिकची जोडणी चुकली." हुकूम थोडाच लेखी होता!

काकांना हाकललं. साहेबांना बढती.

आणि आमच्या थोर गावानं काकांचं नाव ठेवलं: मुका रेडिओ. टोपणनाव फुकट मिळालं की आमचं गाव ते ऐंशी वर्षं पुरवतं.

मी तरी कुठला वेगळा? एका दिवाळी अंकात त्याच नावावर विनोदी लेख पाडला. लोक खो खो हसले.

लेख वाचून काका घरी आले. वाटलं, शिव्या घालतील.
म्हणाले, "तुझा टेप खरखरतो. बघू."

डॅशबोर्डखाली डोकं घालून त्यांनी तेव्हा पहिल्यांदा हे सगळं सांगितलं.
"काका, हे छापतो मी."
"छाप. आन् माझी पक्कड दे तेवढी."

पक्कड माझ्या डिकीतच राहिली. छापायचंही राहिलं.

आज चौकात बॅनर होता. पाच नेते, पाच गॉगल. कोपऱ्यात पासपोर्ट साइज काका. खाली ठळक अक्षरात 'मुका रेडिओ'.
एकाने भाषणात सांगितलं, "काकांनी तालुक्यात रेडिओ आणला!" टाळ्याही पडल्या. अंत्ययात्रेत.

लोक पांगल्यावर सकाळी डिकीतून घेतलेली पक्कड खिशातून काढली. बॅनरच्या चारही तारा कापल्या. घडी घालून तो टमटमच्या सीटखाली सारला.

मग काकांच्या घरी जाऊन पक्कड सूनबाईंच्या हातात दिली.
"मामंजी हिच्याबद्दल इचारायचे," एवढंच म्हणाल्या.

गोपाळकाका, जोडणी हुकमाप्रमाणे होती. हुकूम चुकीचा होता.

हे घ्या, छापलं. उशीर झाला.

टेप बॅटरीवरच राहू देतो.
या आता, काका.