बेडकांना निरोप

काल सकाळी सकाळी ड्रेस्डेनच्या बाहेर, जंगलाकडेच्या रस्त्यावर बादली घेऊन उभी होते... बादलीत बेडूक. सोबत चौथीची मुलं आणि त्यांच्या वर्गाच्या बाई.

आमची इन्स्टिट्यूट मला अधूनमधून शाळांमध्ये पाठवते. माणसामुळे प्राणी-पक्ष्यांच्या राहण्याच्या जागांचं काय होतं, ते मुलांना सांगायला. आदल्या दिवशी वर्गात स्लाइड्स दाखवताना माझ्या जर्मननं ऐनवेळी दगा दिला. मुलं शहाण्यासारखी नुसती चित्रंच बघत राहिली.

रस्त्यावर मात्र फार शिकवावं लागलं नाही. अलीकडे जंगल, पलीकडे तळं आणि मधे आपण केलेला रस्ता. थंडी संपली की हे बेडूक अंडी घालायला आपल्या जन्माच्या तळ्याकडे निघतात आणि गाड्यांखाली येतात. म्हणून इथले लोक रस्त्याकडेला बुटकं कुंपण लावतात, त्याच्या कडेनं जमिनीत बादल्या पुरतात आणि त्यांत पडलेले बेडूक रोज पलीकडे नेऊन सोडतात. एका बेडकीच्या पाठीवर नवरोबा ऐटीत बसले होते, त्यावर अख्खा वर्ग खिदळला.

अलीकडेही एक तळं आहे, मग ते तिथेच का राहत नाहीत, असं मिया नावाच्या मुलीनं विचारलं. "तिथे त्यांचं कुणी नाही ना," मी बोलून गेले. हे काही शास्त्रीय उत्तर नव्हे... माझं मलाच कसंतरी झालं.

तळ्याकाठी बादली कलती करताना मियानं पुन्हा विचारलं, "तुमच्या भाषेत निरोप देताना काय म्हणतात?"

आम्ही 'जा' म्हणत नाही, मी सांगितलं. 'या परत' म्हणतो. झालं! सगळी पोरं पाण्यावर वाकून बेडकांना सांगायला लागली, "या पारात! या पारात!"

मी तोंड फिरवलं. चार वर्षं झाली या देशात, पण हे दोन शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. त्यासाठी आधी कुणीतरी घरी यावं लागतं...

परत फिरताना हिय्या करून बाईंना शनिवारी चहाला बोलावलं. त्या आधी दचकल्या, मग हसल्या आणि फोनमध्ये कॅलेंडर उघडून बसल्या. "आल्झो... म्हणजे बघा, शनिवार जमेल. पण पुढच्या महिन्यातला चालेल?"

चालेल की. पोहे मी आजच आणून ठेवलेत.