क्रेटांमधला नाच

आपा आज सकाळी गेली, आणि मी तिच्यावर अजून चिडलेली आहे.

शहनाज आपा. जुन्नरची. बापाचं बांगड्यांचं दुकान, आणि ही पोरगी कॅमेरा घेऊन गावोगाव फिरायची.

डिंभ्याच्या धरणात जाळं टाकणाऱ्या बायका, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा म्हातारा, माहेरी परत आलेली शिवणकाम करणारी बाई. असल्या माणसांवर पिक्चर काढायची. लग्नात ज्यांना शेवटच्या पंगतीला बसवतात, ती माणसं.

मी तिची एडिटर. मंचरची. एका लॅपटॉपसमोर बसून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो.

आपाचा एक नियम होता. पिक्चर ज्याच्यावर, पहिला खेळ त्याच्या घरी. भिंतीवर चादर, समोर घरची माणसं. त्या माणसानं नको म्हटलं की तो शॉट गेला. चर्चा नाही.

शहरातली मंडळी या नियमाचं फार कौतुक करायची. त्यांचं काय जात होतं?

कमलमावशी नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो निवडायची. त्याआधी अर्धं आयुष्य तमाशाच्या फडात नाचली होती. घरात सगळ्यांना माहीत, पण विषय कुणी काढायचा नाही.

शूटिंगला मार्केट बंद असलेला दिवस धरला होता. मावशी स्वतःच म्हणाली, "आपा, पायातले चाळ आनलेत मी. लाव तुझं मशीन."

रिकाम्या शेडमध्ये, क्रेटांच्या थप्प्यांमध्ये, ती नाचली. साठी उलटलेली बाई. ढोलकी नाही, पेटी नाही, तोंडानंच गात होती.

शेवटी तिनं अशी काही मान वळवली की एडिट करताना दर वेळी माझा हात माऊसवर थांबायचा.

मग आला पहिला खेळ.

मावशीचा मुलगा दत्ता पिकअप चालवतो. त्याला वाटलं, पिक्चर टोमॅटो मार्केटवरचा आहे. आई पडद्यावर दिसणार म्हणून त्यानं हौसेनं सोयऱ्यांना बोलावलं.

त्याच्या मुलीची, प्रियंकाची, सुपारी फुटली होती. लग्न तोंडावर. आम्ही पोचलो तर पुढच्या सतरंजीवर नवऱ्या मुलाचे वडील, चुलते, आत्या. हातात पोह्यांच्या बशा.

मी आपाला बाजूला ओढलं.

"यांना मावशीचं माहितीये?"

"नाही."

"मग लावू नको. प्रोजेक्टर बिघडला म्हण."

तेवढ्यात दत्तानं आतून हाक मारली, "आपा, पावणं खोळंबल्यात. लावा की."

आपा गेली ती थेट मावशीकडे. ती मागे, स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. आपा तिच्याशेजारी खाली बसली.

"मावशी, काय करू?"

"लाव तू. थांबायचं तवा मी सांगते."

पिक्चर सुरू झाला. टोमॅटो, ट्रक, लिलावाची ओरड. पाहुणे खूश. चुलते म्हणाले, "ह्यो माल आमच्याकडचाच दिसतोय." सगळे हसले.

माझं बोट स्पेसबारवर. माझ्याशेजारी आपा पडद्याकडे बघतच नव्हती, फक्त मावशीकडे बघत होती.

पडद्यावर रिकामी शेड आली. मावशी वाकली, चाळ बांधायला. अजून नुसती पाठच दिसत होती.

"ह्या वाकून काय करत्यात?" नवऱ्या मुलाच्या वडिलांनी विचारलं.

चहाचा ट्रे घेऊन आलेली प्रियंका जागीच थांबली.

मावशीनं तळहात वर केला.

आपानं माझ्या बोटावर बोट दाबलं. पडदा काळा.

"एवढंच झालंय," आपा म्हणाली. "पुढचं काम बाकी आहे."

"पन त्या वाकल्या कशाला व्हत्या?"

"पायात काटा गेला होता त्यांच्या."

मावशीनं खाली बघितलं. पाहुण्यांनी चहा घेतला. लग्न ठरल्याप्रमाणे झालं.

त्याच दिवशी जुन्नरला परत येऊन आपानं तो नाच पुसला. लॅपटॉपमधून, हार्ड डिस्कमधून, कार्डातून. मी तिचा हात धरला.

"पिक्चरमधून काढ, पण ठेव ना. इतका चांगला शॉट तू परत घेणार नाहीस."

"तिनं नको म्हटलं, मनी."

"नुसता हात वर केला तिनं."

"मोबाईलच्या जमान्यात ठेवलेलं ठेवल्या जागी राहतं का? उद्या पोरीच्या सासरी पोचला म्हणजे?"

मी तिचा हात सोडला. पिक्चर नाचाशिवायच लोकांपुढे गेला. लोक म्हणाले, छान आहे, पण मध्ये काहीतरी राहून गेलंय.

आज आपाची मय्यत निघाली. आम्ही बायका घरात बसलो होतो.

प्रियंकाच्या हाताला धरून मावशी आली. माझ्याशेजारी टेकली.

मग हळूच म्हणाली, "मने, त्यो नाच कुठं ठिवलाय? परियंकाच्या सासूला सगळं कळलंय आता. लई रागं भरंल वाटलं व्हतं, तर म्हनली, मला बी दावा की."

मी सांगितलं. पुसला, मावशी. त्याच दिवशी.

ती माझ्याकडे बघत राहिली.

"थांबव म्हनले व्हते मी," ती म्हणाली. "पूस न्हवते म्हनले."

गुडघ्यांवर हात दाबून उठायला लागली. प्रियंकानं दंडाला धरून उभं केलं तेव्हा कुठे उभी राहिली. आता ती परत नाचणार नाही, हे मला विचारायची गरज नव्हती.

आपा, मावशीनं स्वतःचा तो नाच कधी पाहिलाच नाही.

तू पाहिलास आणि मी पाहिला. आता मी एकटीच उरले.

सुखानं झोप, आपा.