शेवटच्या गोलला मी बसून होतो

तीस वर्षं मी एका परदेशी फुटबॉल क्लबसाठी जीव टाकला. त्याचं शहर पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. तरी तो जिंकला की घरात सांगायचो, "आपण जिंकलो." आपला देश हरला की मात्र "ते हरले." बायको म्हणायची, थोडी लाज वाटू द्या. वाटायची, पण टीव्हीसमोरून उठण्याइतकी नाही.

खरं माझं म्हणावं असं एकच होतं, जळगावातला आमचा संघ. आधी मी त्यात खेळलो, गुडघा गेल्यावर तो सांभाळू लागलो. सावद्याला ट्रकमध्ये केळी भरणारे दोघे, एक कंपाउंडर, एक शाळामास्तर, असे सगळे रविवारी जमायचे. यंदा आमचं मैदान गेलं. तिथं क्रिकेटची टर्फ झाली. सरावाला जागाच उरली नाही, म्हणून धुळ्याचा सामना खेळून संघ बंद करायचं ठरलं. मला दुसरं काही नको होतं. शेवटचं एकदा पोटभर ओरडायचं होतं.

धुळ्यात ऊन रणरणत होतं. बरोबरी काही सुटेना. अगदी शेवटी मास्तरांनी डोक्याने गोल मारला. सगळे एकमेकांच्या अंगावर पडले. मी बाकावर तसाच बसून राहिलो.

ही टीव्हीने लावलेली खोड. हल्ली तिथं गोल झाला की लगेच नाचायची सोय नाही. पंच कानाला हात लावतो, पडद्यावर रेषा मारतात, कुणाचा खांदा बोटभर पुढे होता ते शोधतात आणि मग आपल्याला आनंदाची परवानगी मिळते. इतक्यांदा उड्या मारून तोंडघशी पडलो, की शेवटी अंगच थांबायला शिकलं. धुळ्याच्या त्या मैदानात कॅमेरा सोडा, गोलला धड जाळी नव्हती. तरी मी वाट बघत बसलो.

केळी भरणाऱ्यांपैकी एक धावत आला. गोल झाला तरी मी बसलेला कसा, हेच त्याला कळेना. "नाना, गोल व्हयना! तुम्ही असा का बरं बठेल शेतस?"

मी उठेपर्यंत पंचाने शेवटची शिट्टी वाजवली. ओरडायचं ते राहूनच गेलं. सगळे मला मिठ्या मारत होते आणि मला भडभडून आलं. त्यांना वाटलं, आनंदाने.

परतीच्या बसमध्ये मास्तरांनी विचारलं, "नाना, कसा वाटला गोल?"

"झकास," मी म्हणालो. आमच्या गोलबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो.