कुशाबाचे डोळे

डिलाईल रोडच्या चाळीतली नलू परब म्हणजे तोंडाचा पट्टा. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. मेलेल्याचे डोळे आंधळ्याला द्यायचा कायदा तेव्हा नुकताच झाला होता. वर्गात सिस्टरनी विचारलं, "मेल्यावर डोळे कोण कोण देणार?" सगळ्या पोरींचे हात वर. "आणि घरच्यांचे?" झालं, हात खाली! एकट्या नलूचा वर राहिला. हात वर करायला काय जातं म्हणा!

त्याच वर्षी तिचा बाप कुशाबा तिच्याच इस्पितळात वारला. जन्म गिरणीत गेला, छातीत कापूस साचला होता. संयुक्त महाराष्ट्राची एक सभा त्याने चुकवली नव्हती, पण महाराष्ट्र व्हायच्या आतच गेला बिचारा. डोळे काढायचे तर काही तासांत. नलूने आईला विचारलं. गंगुबाईने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि कागदावर अंगठा उठवला.

असल्या गोष्टी चाळीत लपतात थोड्याच! दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला. कावळे भोवती बसले, पण एकही शिवेना. कुशाबाचा जीव कशात अडकलाय म्हणून रीतीप्रमाणे एकेकजण शब्द देऊ लागला. "गावचं घर शाकारू!" "नलूचं लगीन लावू!" "महाराष्ट्र झाला की पेढे वाटू!" कावळे ढिम्म. शेवटी कुशाबाचा भाऊ दौलत नलूवर उसळला, "शिवेल कसा? बिनडोळ्याचा धाडलास तू त्याला. पिंड दिसणार कसा?"

एरवी सात जणांना गप्प करणारी नलू रडू लागली. बापाला आपण उपाशी ठेवलं, असंच तिला वाटलं. पुन्हा कुणापाशी डोळे मागायचे नाहीत, हेही तिने तिथेच ठरवून टाकलं.

तेवढ्यात गंगुबाई उठली. पिंडापुढे हात जोडून म्हणाली, "तुमचे डोळे मियां दिले, नलू चेडवान नाय. राग धरूचो तर माझ्यार धरा."

कावळा तरी आला नाहीच. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. दौलत तणतणत निघून गेला. नलू हुंदके देत बसली होती. गंगुबाईने पदराने तिचं तोंड पुसलं.

"ऊठ. दुपारची ड्युटी मां तुझी? आजपण कोणाक तरी डोळ्यांचा विचारूचा लागात."